मोठ्या ग्राहक कंपनीने पर्यावरणाचा हिशेब मागितलाय, हिंगण्यातल्या छोट्या युनिटने सुरुवात कुठून करायची?

प्रेसशॉप_हिंगणा

नमस्कार मंडळी. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचं शीटमेटलचं छोटं युनिट आहे. पॉवर प्रेस, वेल्डिंग, आणि मागच्या शेडमध्ये पावडर कोटिंग. बाबांनी सुरू केलं. आता बिलिंग, पीएफ, ईएसआयसी आणि एमपीसीबीचे (प्रदूषण नियंत्रण मंडळाचे) कागद मी बघते. साठेक माणसं आहेत, त्यातली निम्मी ठेकेदाराची. अर्ध्याहून जास्त माल एकाच लिस्टेड कंपनीला जातो.

मागच्या महिन्यात त्यांच्या परचेस विभागाकडून एक भलीमोठी एक्सेल शीट आली. वीज किती, डिझेल किती, पाणी किती, कचरा कुठे जातो, अपघात किती झाले, बायका किती कामावर आहेत, ‘स्कोप १’ आणि ‘स्कोप २’ कार्बन किती टन. शेवटी विचारलंय की आयएसओ १४००१ (पर्यावरण सांभाळायच्या पद्धतीचं सर्टिफिकेट) आहे का, इकोव्हॅडिस रेटिंग आहे का, नसेल तर कधी घेणार. सोबतच्या मेलमध्ये लिहिलंय की ही माहिती त्यांच्या बीआरएसआरसाठी, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीच्या वार्षिक अहवालासाठी, हवी आहे.

त्याच सुमारास एका सल्लागाराचा फोन आला. कारखान्यात यायची गरज नाही म्हणाले. लेटरहेड आणि जीएसटीचं सर्टिफिकेट व्हॉट्सॲप करा, सात दिवसांत आयएसओ १४००१ आणि सोबत छापील ‘ईएसजी रिपोर्ट’ (पर्यावरण, समाज आणि कारभाराचा), सगळं मिळून ३५ हजार. बाबा म्हणतात देऊन टाक, कटकट मिटेल. त्यांचंही चूक नाही. ते सकाळपासून डाय सेटिंग आणि रिजेक्शनमध्ये अडकलेले असतात, आणि हे सगळे शब्द त्यांच्यासाठी नवे आहेत.

पण माझं मन घेत नाहीये. आपला कारखाना न बघता कोणी आपल्याबद्दल रिपोर्ट कसा लिहील? आम्ही हे स्वतः करू शकतो का? कायद्याने आम्हाला बंधन आहे का? आणि खरं लिहिलं, आकडे वाईट निघाले, तर ऑर्डर जाईल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगावं. सोमवारी परचेसवाल्यांना काहीतरी उत्तर द्यायचंय.

धंतोली_सीए

ताई, कायद्याचा भाग मी सांगतो.

बीआरएसआर हा सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नियम आहे. २०२१ च्या मे महिन्यात परिपत्रक निघालं, आणि बाजारमूल्याने पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून तो अहवाल सक्तीचा झाला. २०२३ च्या जुलैत त्यातले निवडक मुद्दे वेगळे काढून ‘बीआरएसआर कोअर’ आला. त्यातले आकडे बाहेरच्या तटस्थ माणसाकडून तपासून घ्यायचे असतात. हे टप्प्याटप्प्याने आहे: २०२३-२४ ला पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, मग ५००, आणि २०२६-२७ ला पूर्ण १,०००.

तुमचा संबंध येतो तो पुरवठादार म्हणून. पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांची माहितीही द्यावी असं त्यात आहे, आणि त्यातही ज्याच्याकडून एकूण खरेदीच्या २ टक्के किंवा जास्त खरेदी होते त्याचीच. ही २ टक्क्यांची अट मार्च २०२५ च्या परिपत्रकात आली, आणि त्यानेच हा पुरवठादारांचा भाग एक वर्ष पुढे ढकलून ऐच्छिक केला. म्हणजे सेबीचं तुमच्यावर थेट बंधन काहीच नाही. तुमचा ग्राहक मागतोय, म्हणून तुम्ही देताय. तरी माझ्या मते द्या, कारण आज ना उद्या दुसरा ग्राहकही हेच मागणार.

आता एक गोष्ट, जी पुरवठादारांना कोणी सांगत नाही. त्याच बीआरएसआर कोअरमध्ये कंपनीला स्वतःबद्दल हेही छापावं लागतं की पुरवठादारांचे पैसे ती सरासरी किती दिवसांनी देते. देणी गुणिले ३६५, भागिले वर्षभराची खरेदी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांकडून किती माल घेतला तेही द्यावं लागतं. तुमच्या ग्राहकाचा वार्षिक अहवाल त्यांच्या वेबसाइटवर असेल, तो उघडून हा आकडा नक्की बघा. लघुउद्योगांच्या (एमएसएमई) कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवस म्हटलंय, आणि आयकराचं ४३बी(एच) आल्यापासून मुदतीत पैसे न दिल्यास त्या वर्षी त्यांना त्या खर्चाची वजावट मिळत नाही. तुम्ही त्यांना तुमच्या डिझेलचा हिशेब देताय, तर तुमच्या बिलांचा हिशेब त्यांना विचारायचा तुम्हालाही पूर्ण अधिकार आहे. मी माझ्या प्रत्येक अशिलाला हे सांगतो आणि सांगत राहणार.

सर्टिफिकेटचं इथल्या जुन्या जाणत्यांना विचारा. तो माझा विषय नाही.

कोराडी_रोड_काका

ताई, मी बुटीबोरीला एका कारखान्यात सेफ्टी आणि पर्यावरण सांभाळत होतो, नंतर रिटायर होईपर्यंत ऑडिट केले. म्हणून थोडं लांब लिहून राहिलो, सवडीने वाचा.

आधी त्या ३५ हजारांचं. नका देऊ. आयएसओ ही संस्था फक्त मानक लिहिते, सर्टिफिकेट स्वतः देतच नाही. सर्टिफिकेट देते ती सर्टिफिकेशन बॉडी, आणि ती बॉडी काम नीट करून राहिली की नाही हे बघायला आपल्याकडे एनएबीसीबी आहे, क्वालिटी काउन्सिल ऑफ इंडियाच्या अंतर्गत. खऱ्या ऑडिटमध्ये दोन टप्पे असतात. पहिल्यात तुमची तयारी बघतात, दुसऱ्यात माणूस शेडमध्ये फिरतो, टाकीजवळ उभा राहतो, ऑपरेटरला विचारतो की तेल सांडलं तर काय करशील. त्याआधी तुमचं स्वतःचं अंतर्गत ऑडिट झालेलं पाहिजे, मालकाने बसून आढावा घेतलेला पाहिजे. मग सर्टिफिकेट तीन वर्षांचं मिळते, आणि मधे दर वर्षी येऊन बघतात. हे सगळं व्हॉट्सॲपवर सात दिवसांत कसं होईल, तुम्हीच सांगा. शिवाय जी बॉडी सर्टिफिकेट देते तिनेच तुम्हाला सल्ला देऊन कागदं तयार करून द्यायची मनाई आहे. ते भाऊ दोन्ही एकाच पाकिटात देऊन राहिले, यातच समजून घ्या.

कोणी सर्टिफिकेट दाखवलं तर आयएएफ सर्टसर्च नावाच्या साइटवर नाव टाकून बघता येते. तुमच्या ग्राहकाकडून आकडे तपासायला जो माणूस येईल, त्याला हे पाच मिनिटांचं काम आहे. तिथे नाव नाही निघालं तर बाकी खऱ्या आकड्यांवरही त्याचा विश्वास उडते. आणि त्या शीटवर सही तुमची असणार, सल्लागाराची नाही.

अजून एक समजून घ्या, कारण यात फार लोक फसतात. आयएसओ १४००१ मध्ये ‘इतकाच धूर सोडा’ अशी मर्यादा कुठेच नाही. आपल्या कामाने कुठे काय बिघडते हे तुम्ही शोधलं का, कायदे पाळून राहिले का, सुधारणा चालू आहे का, एवढंच ते बघते. मोठ्या प्रदूषणवाल्याकडेही ते असू शकते आणि चांगल्या छोट्या युनिटकडे नसू शकते. इकोव्हॅडिस तर सर्टिफिकेटच नाही. ती २००७ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेली कंपनी आहे. तुम्ही कागदं चढवता, ते गुण देतात, आणि ते गुण वर्षभर चालतात. ग्राहक अडून बसला तरच घ्या, आज नाही. आज शीट भरा. आणि शीट भरायला लागणारी बहुतेक माहिती तुमच्या कपाटात आधीपासून आहे, हे मी पैजेवर सांगतो.

महावितरणची बारा बिलं काढा, एप्रिल ते मार्च. एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन असेल तर बिलावर केडब्ल्यूएच (खरोखर वापरलेली युनिट) आणि केव्हीएएच असे दोन आकडे असतात. पैसे केव्हीएएचवर लागतात, पण आपल्या हिशेबाला केडब्ल्यूएच घ्यायचा. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. मग जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या आणि पावडर कोटिंगच्या ओव्हनला गॅस वापरत असाल तर सिलिंडरची बिलं काढा.

एक नमुना करून दाखवतो, आकडे माझ्या मनचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. समजा महिन्याला १८,००० युनिट, म्हणजे वर्षाला २,१६,०००. आपल्या देशाच्या ग्रिडमधून एक युनिट आलं की साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघालेला असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा छापते, शीटमध्ये त्यांच्या कोणत्या आवृत्तीचा घेतला ते लिहा. गुणाकार केला की १५१ टन. हा झाला स्कोप २, म्हणजे विकत घेतलेल्या विजेचा. आता तुमच्याच आवारात जळलेलं: डिझेल समजा वर्षाला २,४०० लिटर, लिटरला सुमारे २.६८ किलो, म्हणजे साडेसहा टनांच्या आत. १९ किलोचे २४० सिलिंडर म्हणजे ४,५६० किलो गॅस, किलोला तीनच्या जरा खाली, म्हणजे साडेतेरा टन. दोन्ही मिळून वीस टन, हा स्कोप १. एकूण १७१. झाला तुमचा ‘कार्बन फूटप्रिंट’. एका दुपारचं काम आहे आणि यात विकत घेण्यासारखं काहीच नाही. त्यांनी ऊर्जा ज्यूलमध्ये मागितली असेल तर युनिटला ३.६ ने गुणा, मेगाज्यूल निघतात.

आणि हा सगळा आकडा त्या ग्राहकाच्या नावावर टाकू नका. तुमचा ५५ टक्के माल त्यांना जात असेल तर ५५ टक्केच द्या, म्हणजे या नमुन्यात ९४ टन. वाटणी वजनावर केली की विक्रीवर, ते खाली लिहा.

आता बघा, १७१ मधले १५१ विजेचेच आहेत. मी कोराडी रोडला राहतो. घराच्या गच्चीवर उभं राहिलं की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, अलीकडे कोराडी, पलीकडे खापरखेडा. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालायची सोय नाही, राख बसते. २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राखेचं पाणी गावात अन् शेतात शिरलं. म्हणून युनिट हा शब्द माझ्यासाठी नुसता बिलावरचा नाही. तुमच्या प्रेसला लागणारी बहुतेक वीज जाळलेल्या कोळशातून येते, आणि त्या कोळशाची राख आपल्याच जिल्ह्यात पडते. हा हिशेब सेबीने मागितला म्हणून करू नका. आपल्याला इथं राहायचं आहे म्हणून करा.

तर वीज कमी कुठे होईल? प्रेसची मोटर बघायच्या आधी कॉम्प्रेसर बघा. सुटीच्या दिवशी सगळ्या मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा. कुठेच हवा वापरत नाही म्हटल्यावर तो एकदा भरून शांत बसला पाहिजे. घड्याळ लावून बघा, तो किती वेळ लोडवर (हवा भरत) राहते आणि किती वेळ अनलोड (नुसता फिरत). लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, तेवढे टक्के हवा गळून राहिली. देखभाल नसलेल्या शेडमध्ये वीस-तीस टक्के गळती अगदी नेहमीची आहे. पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतात. दोनशे रुपयाचं फिटिंग बदललं तर दर महिन्याच्या बिलात फरक पडते. बाबांना या कामाला लावा, त्यांना हे आवडेल. कागदापेक्षा मशीन त्यांना जवळची आहे.

कचऱ्याकडे या. पावडर कोटिंगच्या आधी फॉस्फेटिंग (पत्र्याला फॉस्फेटच्या द्रावणात बुडवणं) करत असाल तर टाकीच्या तळाशी जो गाळ बसते तो धोकादायक कचरा आहे, नियमांच्या यादीत १२.५ नंबरला. प्रेसचं आणि जनरेटरचं वापरलेलं तेल ५.१ ला. हे ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही, आणि बाहेर जाताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबत जाणारा कागद, बनते. दर वर्षी ३० जूनपर्यंत धोकादायक कचऱ्याच्या वार्षिक विवरणाचा फॉर्म ४ आणि ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणाचा फॉर्म ५ तुम्ही एमपीसीबीला भरत असालच. शीटमधला कचऱ्याचा अर्धा भाग त्यातूनच उतरवून काढता येते. लोखंडी स्क्रॅपसाठी काट्याच्या पावत्या आहेतच. मात्र एक बघा: फॉर्म ४ मध्ये एक वजन, मॅनिफेस्टवर दुसरं आणि ग्राहकाच्या शीटमध्ये तिसरं, असं होऊ देऊ नका. ऑडिटर सगळ्यात पहिले हीच तीन कागदं शेजारी ठेवते.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसलो ते. अपघात.

तुम्ही प्रेसशॉप आहात. पॉवर प्रेसवर काय होते ते मी लिहायची गरज नाही, तुम्ही ते बघितलं असेल किंवा ऐकलं असेल. शीटमध्ये एक चौकोन असेल, ‘लॉस्ट टाइम इन्जुरी’. म्हणजे ज्या दुखापतीमुळे माणूस पुढच्या पाळीला येऊ शकला नाही. त्यातून दर काढायचा: अशा दुखापती गुणिले दहा लाख, भागिले सगळ्यांचे मिळून कामाचे तास. मी ऑडिटला ज्या ज्या शेडमध्ये गेलो तिथे हा चौकोन शून्याने भरलेला दिसायचा. आणि मग जेवणाच्या सुटीत बाहेर टपरीवर एखाद्या पोराचा हात दिसायचा. विचारलं की म्हणायचे, तो आमचा नाही, ठेकेदाराचा आहे. ताई, बीआरएसआरमध्ये कर्मचारी आणि कामगार असे दोन रकाने आहेत, आणि ठेकेदाराची माणसंही मोजायची आहेत. तुमची निम्मी माणसं त्या रकान्यात येतात. ती सोडली तर तो अहवाल अर्ध्या कारखान्याचाच झाला.

ईएसआयसीला अपघाताचा फॉर्म १२ भरला असेल तर तो काढा. नसेल भरला, आणि कोणाला टाके पडले होते हे सुपरवायझरला आठवत असेल, तर लिहून काढा. मग कोणत्या प्रेसवर, कोणत्या पाळीत, गार्ड लावलेला होता का, दोन्ही हातांची बटणं होती की कोणी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं होतं, हे बघा. जास्त पीस काढायच्या घाईत हे होते आणि सगळ्यांना माहीत असते. तुम्ही एवढं एक वर्ष लिहून ठेवलं अन् एका पोराची बोटं वाचली, तर मला त्या शीटच्या बाकी रकान्यांचं काही नाही.

प्रेसशॉप_हिंगणा

काका, मी हे दोनदा वाचलं आणि बाबांना वाचून दाखवलं. कॉम्प्रेसरचं ऐकल्याबरोबर ते म्हणाले की मागच्या भिंतीकडून रात्री फुसफुस आवाज येतो ते त्यांना माहीत आहे. येत्या सुटीला बघणार आहेत.

सीए साहेब, पेमेंटच्या दिवसांचं आम्हाला खरोखरच माहीत नव्हतं. तो आकडा मी शोधला. लिहीत नाही इथे, पण बाबांनी तो वहीत लिहून घेतला आहे.

बटण चिकटपट्टीने बांधायचं... हो. आमच्याकडेही आहे. आज सकाळी जाऊन बघितलं, दोन प्रेसवर. सुपरवायझरशी बोलणं झालंय.

दोन अडचणी राहिल्या. पाणी एमआयडीसीचंही येतं आणि बोअरचंही आहे, बोअरला मीटर नाही. तिथे काय लिहू? आणि ठेकेदाराच्या माणसांचे तास आमच्याकडे नाहीत, त्याच्याकडून बिल एकरकमी येतं. शिवाय बाबांची धास्ती तीच: समोरच्या युनिटवाला सगळीकडे चांगले आकडे टाकेल आणि आम्ही खरं लिहून मागे पडू.

कोराडी_रोड_काका

ताई, बोअरला आजच मीटर बसवायला सांगा, फार खर्चाचं नाही. पण मागच्या वर्षासाठी असं करा: पंप चालू करून २०० लिटरचा ड्रम किती वेळात भरते ते मोजा. तीन-चारदा मोजा, उन्हाळ्यात अन् आता पाण्याचा जोर वेगळा असते हे ध्यानात ठेवा. पंप रोज किती वेळ चालते ते वॉचमनला विचारा, त्याला बरोबर माहीत असते. त्यावरून वर्षाचं पाणी काढा आणि शेजारी लिहा: ‘अंदाज, पंपाच्या वेळेवरून, मीटर अमुक महिन्यात बसवला’. याला कोणीही शहाणा माणूस नावं ठेवत नाही. उलट मी ऑडिटला असताना अशी टीप दिसली की मला त्या माणसाचे बाकीचे आकडे खरे वाटायचे. सगळं गुळगुळीत, एकही अंदाज नाही, एकही रिकामी जागा नाही, अशी शीट आली की मी जास्त खोलात जायचो.

तासांसाठी गेटचं रजिस्टर काढा. ठेकेदाराची माणसं गेटवर अंगठा किंवा सही करत असतीलच. हजेरी गुणिले आठ, आणि ओव्हरटाइम वेगळा. ठेकेदाराकडून पीएफ-ईएसआयसीची चलनं दर महिन्याला मागा. मुख्य मालक म्हणून ती जबाबदारी शेवटी तुमच्यावरच येते, आणि शीटमध्ये किमान वेतनाचा प्रश्नही आहे, त्याचं उत्तर या चलनांशिवाय देता येणार नाही. एकरकमी बिल बंद करा. माणसं किती, दिवस किती, दर काय, हे बिलावर आलं पाहिजे.

बाबांच्या धास्तीबद्दल. समोरच्याचं काय होईल हे मी सांगू शकत नाही. खोटं लिहूनही त्याचं काही दिवस चालेल, असंही होते. पण पहिल्या वर्षी ग्राहकाला तुमच्याकडून लहान आकडा नको असतो, त्याला असा आकडा पाहिजे असतो जो पुढच्या वर्षी त्याच रीतीने परत काढता येईल. तुम्ही आज खोटे १०० टन लिहिले आणि पुढच्या वर्षी कोणी बिलं मागितली, तर खरे १७१ लिहिताना ‘वाढ का झाली’ याचं उत्तर काय देणार? आज १७१ लिहिले आणि गळती बंद करून १६० झाले, तर ते ११ टन तुमचे. ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

सरकी_रुई

मी शीटमेटलमधला नाही, काटोलकडे जिनिंग आहे. पण सर्टिफिकेटचं वाचलं म्हणून सांगतो, कारण आम्ही हे भोगलं आहे.

सेंद्रिय कापसाला गॉट्सचं (सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचं) सर्टिफिकेट लागते, आणि माल हातोहात पुढे जाताना प्रत्येक व्यवहाराचं वेगळं सर्टिफिकेट बनते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गॉट्सनेच जाहीर केलं की भारतात २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला, आणि ११ कंपन्यांवर बंदी घातली. खोटी कागदं करणारे थोडे होते. पण नंतर जो कोणी भारतातून सेंद्रिय रुई घेऊन जाईल त्याच्याकडे संशयानेच बघू लागले. आमच्या भागात असे शेतकरी आहेत ज्यांनी बीटी सोडून, दोन वर्षं रूपांतराच्या काळात उत्पन्न कमी घेऊन, गोठ्यातल्या खतावर कापूस उभा केला. व्यापारी त्यांना विचारतात, हे खरंच सेंद्रिय आहे का, आणि भाव साध्या कापसाचा देतात. कागद खोटे करणाऱ्याने नुकसान त्या माणसाचं केलं जो वखरामागे उन्हात चालला.

म्हणून ताई, ते सात दिवसांवालं घेऊ नका. तुमच्या एकटीचा प्रश्न नाही तो. उद्या हिंगण्याच्या कोणत्याही युनिटने सर्टिफिकेट दाखवलं तरी समोरचा शंकाच घेईल.

धंतोली_सीए

काकांच्या उत्तराला एक जोड देतो, खर्चाच्या बाजूने. उद्यम नोंदणी असेल तर केंद्र सरकारची झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) योजना बघा. एप्रिल २०२२ मध्ये ती नव्या रूपात आली. ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे तीन स्तर; फी १०,०००, ४०,००० आणि ९०,०००. सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६०, मध्यमला ५० अशी सवलत ठेवली होती. महिलांच्या मालकीच्या उद्योगांचा पूर्ण खर्च सरकार उचलेल असं २०२३ मध्ये जाहीर झालं. अर्ज करण्याआधी पोर्टलवर सध्याच्या सवलती बघून घ्या. ब्राँझला पाचच मुद्दे आहेत, सिल्व्हरला १४, गोल्डला २०. पहिली पायरी म्हणून मला हे आयएसओपेक्षा योग्य वाटतं, कारण त्यात वीज, सुरक्षितता आणि रिजेक्शन एकत्र बघतात, आणि प्रेसशॉपमध्ये रिजेक्शन कमी झालं की लोखंड आणि वीज दोन्ही वाचतात. भागीदारीत तुमचं नाव आहे का ताई? असेल तर हिस्सा किती ते तपासा, सवलतीसाठी उपयोगी पडू शकेल.

आणि एक सावधगिरी. शीट भरून झाली की उत्साहात माहितीपत्रकावर ‘पर्यावरणपूरक’, ‘ग्रीन’ असं छापू नका. ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. असा दावा केला तर त्यामागचा पुरावा दाखवता आला पाहिजे. ‘वीजवापर अमुक टक्के कमी केला, अमुक वर्षाच्या तुलनेत’ एवढंच लिहा, तेही बिलं हातात असतील तरच.

प्रेसशॉप_हिंगणा

सगळ्यांचे खूप आभार. सल्लागाराला नाही म्हणून सांगितलं.

शीट जवळपास भरून झाली. आमची वीज काकांच्या नमुन्यापेक्षा बरीच जास्त निघाली, गॅस कमी. बोअरच्या पाण्यापुढे ‘अंदाज’ लिहिलंय. आयएसओच्या चौकोनात ‘नाही, आधी झेड ब्राँझसाठी अर्ज करणार’ असं लिहिलं. भागीदारीत माझं नाव आहे, पण हिस्सा छोटा आहे. त्यावर घरी बोलणं चालू आहे.

अपघातांच्या चौकोनात दोन लिहिले. दोघेही ठेकेदाराचे. एकाचा अंगठा, एकाला पायाला टाके. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, लिही, आणि ज्या दोन प्रेसवर बटण बांधलं होतं त्यांच्या लाइट कर्टनचं (हात आत गेला की मशीन थांबवणाऱ्या प्रकाशाच्या पडद्याचं) कोटेशन मागव. कर्टनचं कोटेशन कोणाकडून घ्यावं, नागपुरात सर्व्हिस चांगली देणारे कोणी माहीत असल्यास कळवा. प्रेस जुन्या आहेत, ८० टनांच्या, पिन क्लचवाल्या.

कोराडी_रोड_काका

थांबा ताई, पिन क्लच असेल तर कर्टन घेऊ नका, पैसे वाया जातील. पिन क्लचची प्रेस एकदा सुटली की फेरा पूर्ण करूनच थांबते, मधे थांबत नाही. कर्टनला हात दिसला तरी रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा भाग, खाली येणारच. तिथे डायभोवती पक्का गार्ड लागते, हात आत जाणारच नाही असा, आणि पीस काढायला चिमटा किंवा चुंबक. दोन हातांची बटणंही इतकी दूर पाहिजेत की बटण सोडून हात डायपर्यंत पोचायच्या आत फेरा झालेला असेल. कर्टन एअर क्लचच्या प्रेसला, जी मधेच थांबू शकते. डायचे फोटो पाठवा, गार्ड कसा बनवायचा ते मी कागदावर काढून देतो. तुमच्याच वेल्डिंगवाल्याकडून होऊन जाईल.